न झालेली कावीळ

रसवंतीच्या चरकाला बांधलेले घुंगरू वाजायला लागले, की लोकांना उन्हाळा आठवतो. मला शेजारी आठवतात.

मार्च अर्धा सरला की डोंबिवलीत कोपऱ्याकोपऱ्यावर या रसवंत्या उगवतात. हिरव्या जाळीचं कापड, गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी, ठेचलेल्या आल्याचा वास, आणि पेपर देऊन आलेली पोरं बाकावर बसून एकमेकांना विचारतायत, "पाचव्याचं काय आलं रे?" बघायला छान असतं सगळं. मी रस्ता ओलांडून पलीकडून जातो. एका उन्हाळ्यात मला एवढा उसाचा रस पाजण्यात आलाय की मुंग्या मला नावाने ओळखायला लागल्या होत्या. आणि तो सगळा रस मला न झालेल्या काविळीसाठी होता.

ऐंशीचं दशक संपत आलेलं. मी वीस वर्षांचा, कल्याणच्या कॉलेजात टी. वाय.ला, विषय रसायनशास्त्र, गुण जेमतेम, मत मात्र प्रत्येक गोष्टीवर. डोंबिवली पूर्वेला आमची तीन मजली बिल्डिंग. घरात आई, अण्णा आणि माझी मोठी बहीण नंदाताई. ती ठाण्याला एका शाळेत शिकवायची, आणि कल्याणच्या एका घरात तिचं लग्न जवळपास ठरलं होतं. साखरपुडा माझ्या परीक्षेनंतर करू, असं दोन्हीकडून म्हणणं पडलेलं. शेजारी टिपणीस काका आणि काकू. बिल्डिंगमधला एकुलता एक फोन त्यांच्याकडे. त्यामुळे कोणाचं बारसं, कोणाची बदली, कोण नापास, हे आधी काकूंना कळायचं आणि मग ज्याचं असेल त्याला.

संध्याकाळी वारा फिरला की मानपाड्याकडच्या कारखान्यांचा वास यायचा. कधी सडक्या अंड्याचा, कधी जळक्या रबराचा, कधी औषधाची बाटली फुटल्यासारखा. अख्खी डोंबिवली खिडक्या लावून घ्यायची आणि शिव्या द्यायची. तो वास खास माझ्यासाठी सोडतात, हा शोध मला फेब्रुवारीत लागला. पंचक्रोशीतले एवढे लोक खोकतायत ते मला संशय येऊ नये म्हणून, हे त्या शोधातलं उपकलम.

मग भिंत बोलायला लागली. भिंतीपलीकडे टिपणीस काका, म्हणजे आवाज त्यांचाच. "उठला. पाणी प्यायला. परत बसला. पान उलटलं, पण वाचलं नाही." कसोटी सामन्याचं धावतं वर्णन असतं ना, तसं दिवसभर. आता विचार केला तर नवल वाटतं, इतक्या कंटाळवाण्या खेळाडूचं एवढं तपशीलवार वर्णन कोण कशाला करेल? पण तेव्हा हसू येत नव्हतं. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला असायचा आणि मी कपाट ओढून दाराला लावून आत बसायचो. खिडकीच्या काचांना मी वर्तमानपत्रं चिकटवली. मग लक्षात आलं की त्यातल्या फोटोंतली माणसं माझ्याकडे बघतायत, म्हणून ती उलटी लावली. मग ती बाहेर, काकूंच्या गॅलरीकडे बघायला लागली, आणि याचं मला समाधान वाटलं.

प्रॅक्टिकलला बाहेरचे परीक्षक आले होते, सज्जन गृहस्थ. त्यांनी विचारलं, "निरीक्षण काय आहे तुमचं?" मी म्हणालो, "तुम्ही टिपणीसांचा माणूस आहात, हे निरीक्षण आहे." गृहस्थांनी आमच्या सरांकडे पाहिलं. सरांनी मला बाहेर नेलं आणि प्रेमाने म्हणाले, "जागरणं फार करू नकोस." जागरण! त्या काळात तरुण पोराला काहीही झालं तरी निदान एकच असायचं. पोर रडलं, जागरण. पोर भिंतीशी भांडलं, जागरण.

त्या संध्याकाळी अण्णा टिपणीसांकडे जाऊन खडवलीच्या आत्याला फोन करत होते. पोराचं काही ठीक नाही, एवढंच बोलले असतील. फोन ठेवून वळतात तो काकू मागेच उभ्या.

"श्रीला काय झालं हो?"

अण्णा सरळ माणूस. आयुष्यात खोटं बोलायची सवय नाही, त्यामुळे खोटं निवडायची अक्कलही नाही. म्हणाले, "कावीळ."

यावर मी पुढे फार विचार केलाय. कावीळच का? तर कावीळ हा अब्रूदार आजार आहे. ती पाण्यातून येते, म्हणजे दोष नळाचा. ती आईवडिलांच्या घराण्यात नसते. तिच्यामुळे परीक्षा बुडाली तर लोक हळहळतात, आणि ती बरी झाली की बहिणीच्या लग्नात भाऊ पंगतीला वाढू शकतो. डोक्याच्या आजाराला यातलं एकही सुख नाही. आमच्याकडे नुसतं "ठाण्याला पाठवला" म्हटलं की ऐकणारा खिडकी लावून घ्यायचा. ठाण्यात वेड्यांचं इस्पितळ आहे. बाकीचं सगळं ठाणं त्यापुढे लोकांना दिसतच नाही.

तर कावीळ. दुसऱ्या दिवशी सकाळपासून बिल्डिंग कामाला लागली. अशी आपुलकी, की दात ओठ खावेत. तळमजल्यावरून मुळ्याच्या पानांचा रस. वरून भुईआवळा. टिपणीस काका ऑफिसातून येताना किटलीभर उसाचा रस, "बर्फ नाही घातला हं." प्रत्येक जण माझ्या खालच्या पापण्या ओढून डोळ्यांत बघायचा आणि म्हणायचा, "पिवळे आहेत." एकालाही ते पांढरे दिसले नाहीत. आणि मी, ज्याचा ठाम विश्वास होता की सगळे मिळून माझ्याविरुद्ध काहीतरी करतायत, मी बघत होतो की सगळे मिळून माझ्याविरुद्ध खरंच काहीतरी करतायत. मी आत शिरलो की बोलणं थांबायचं. आई पदराने डोळे पुसायची आणि म्हणायची, "कांदा चिरत होते." कांदा कुठेच नसायचा.

खरी वाट लावली ती जेवणाने. कावीळ म्हटल्यावर तेल-तिखट बंद. आणि काकू कुठल्याही वेळी येऊन झाकणं उचलून बघणार. म्हणून आईने, त्या एका खोट्याच्या इज्जतीसाठी, माझं जेवण वेगळं करायला सुरुवात केली. वेगळं पातेलं, वेगळी पळी, उकडलेला दुधी, मऊ भात. घरातल्या तिघांच्या ताटात लाल रस्सा आणि माझ्या ताटात पांढरं काहीतरी. तुम्हीच सांगा, विषाचा संशय असलेल्या माणसाला याहून चांगला पुरावा कोणी दिला असता?

मी शास्त्राचा विद्यार्थी, नुसत्या संशयावर थांबणारा नव्हतो. लॅबमधून सिल्व्हर नायट्रेटची छोटी बाटली खिशात घालून आणली. दुधीचं पाणी वाटीत घेतलं, थेंब टाकला, भसकन पांढरा साका पडला. सिद्ध झालं. मिठाच्या पाण्यातही तो साका तस्साच पडतो, हे शाळेतलं पोर सांगेल. मला एरवी झोपेत विचारलं तरी पाठ होतं. त्या दिवशी नाही आठवलं. आठवलं असतं तरी मी म्हटलं असतं, मीठ तरी कशाला घातलंय?

त्या दिवसापासून मी घरचं जेवण बंद केलं. नळाखाली धुतलेली केळी, तीही सालीला भोक नाही ना हे बघून. हाडं दिसायला लागली. बोटांवर सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग. आणि येणारा-जाणारा म्हणायचा, "कावीळ फार वाईट, बघा कसा वाळला."

खडवलीला आत्याच्या गावाजवळ काविळीची माळ घालणारे एक बुवा होते. माळ डोक्यावर बसवायची. कावीळ उतरते तशी माळ वाढत वाढत गळ्यात येते, असा हिशोब. अण्णांना मला न्यायचं नव्हतं. पण टिपणीस काकांनी रजा टाकली. "मी येतो ना बरोबर," म्हणाले. झालं. खोटं बोलणाऱ्याला शेजाऱ्याच्या रजेपुढे इलाज नसतो.

खडवली मला आवडायची. स्टेशनाबाहेर पडलं की लाल धूळ, चिंचा, पुढे नदीचं थंडगार वळण. त्या दिवशी मात्र नदीसुद्धा माझ्याबद्दल कुजबुजत होती. बुवांनी आधी माझ्या डोक्यावर माळ बसवली, मग हातांना कसला तरी पाला चोळला आणि वर चुन्याची निवळी ओतली. परातीत पिवळंजर्द पाणी. "उतरतेय बघा," बुवा म्हणाले. अण्णांनी आ वासला. माझी कावीळ ज्यांनी स्वतः तोंडाने बनवली, ते अण्णा माझ्या हातांतून ती गळताना बघत होते, आणि मला वाटतं, क्षणभर त्यांना खरीच वाटली.

मी ओरडलो, "चुना अल्कली आहे, पाल्याच्या रसाचा रंग बदलतो, दुसरं काही नाही. काकांचे हात धुवा, त्यांनाही कावीळ निघेल."

"बडबडतोय," काका अण्णांना हळू म्हणाले. "डोक्यात गेली कावीळ."

त्या खोलीत शुद्धीवर नसलेला मी एकटा, आणि खरं बोलणाराही मी एकटा. बुवांच्या पिवळ्या पाण्यातली लबाडी मला स्वच्छ दिसली आणि दुधीच्या पाण्यातली माझी स्वतःची दिसली नाही. आजार असाच असतो. अक्कल जात नाही, फक्त दुसऱ्याच्या वाटेला जाते. मग मी डोक्यावरची माळ काढली आणि काकांच्या डोक्यावर बसवली. दोन पावलं मागे सरून टाळ्या वाजवल्या. सत्कार. माझ्या आयुष्यातल्या मोजक्या यशस्वी समारंभांपैकी तो एक.

दोनच दिवसांनी टिपणीसांचा फोन वाजला आणि काकूंनी जिन्यात येऊन हाक मारली, "नंदा, कल्याणचा आहे गं." मी जिन्यात बसलो होतो, घरातली हवा मला चालत नव्हती. टिपणीसांचं दार सताड उघडं, आत काका खुर्चीत, काकू फोनच्या अगदी बाजूला भिंतीवरची धूळ झटकत. मला नंदाताईची पाठ दिसत होती.

"हो. हो. नाही, घरात आणखी कोणाला नाही झाली." मग बराच वेळ ती ऐकत राहिली. कल्याणकरांना काळजी होती की कावीळ लागट असते, तेव्हा साखरपुडा पुढे ढकलावा का. तिने फोनची वायर बोटाभोवती गुंडाळली, सोडली.

"काकू," ती फोनमध्ये कल्याणच्या होणाऱ्या सासूबाईंना म्हणाली, आवाज वर्गात असतो तेवढा मोठा, "लागट नाहीये ते. कावीळच नाहीये. श्रीला भास होतात. त्याला आवाज ऐकू येतात, आणि आपल्याला कोणी मारणार असं वाटतं. आम्ही खोटं सांगितलं. उद्या मी त्याला ठाण्याला नेतेय, डॉक्टरांकडे."

टिपणीस काकूंचं फडकं भिंतीवर तिथेच थांबलं. पलीकडून काय उत्तर आलं मला माहीत नाही. नंदाताई "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. वळली तेव्हा मी दिसलो. लपवायचा प्रयत्न केला नाही तिने. म्हणाली, "ऐकलंस ना? चल."

तेवढंच एक वाक्य कितीतरी दिवसांत मला ऐकू आलेलं, जे कोणी कुजबुजून बोललं नव्हतं. मला भास होतात हे मी मान्य केलं असं समजू नका. मला वाटलं तिला अजून कळलेलं नाही, बिचारी. पण घरात काहीतरी लपवतायत, हे माझं म्हणणं शेवटी एका माणसाने कबूल केलं. त्या माणसाबरोबर जायला हरकत नव्हती.

घरात मात्र भडका उडाला. अण्णांचं दुःख विचित्र होतं. "डॉक्टर बघ, पण ठाण्यातला नको," ते म्हणत राहिले. "पुण्याचा बघ. नाशिकचा बघ."

"अण्णा, तो मरेल हो न जेवून," नंदाताई म्हणाली. "मग त्याला कुठला आजार सांगणार आहात?"

कोपरीत, ठाण्याच्या पूर्वेला, स्टेशनपासून चालत, एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर त्या डॉक्टरबाई बसायच्या. खाली करवतीसारखा आवाज, वर शांतता. नंदाताईच्या शाळेतल्या एका बाईंच्या मुलाला तिथे गुण आला होता. बाईंनी ते स्टाफरूममध्ये नाही, जिन्यात सांगितलं होतं. डॉक्टरबाई माझ्याशी बोलल्या, अण्णांशी नाही. "कोण आहे यामागे, तुला काय वाटतं?" मी म्हणालो, "टिपणीस." त्या हसल्या नाहीत. "आणि झोप लागते का, टिपणीसांमुळे?" इतक्या आठवड्यांत माझ्या झोपेची चौकशी करणारी ती पहिली व्यक्ती. बाकी सगळ्यांनी पापण्या ओढून पाहिल्या होत्या.

मग अण्णांना म्हणाल्या, "फेब्रुवारीपासून म्हणता? मग लवकर आणलंत. माझ्याकडे लोक वर्षानुवर्षं देवळं आणि बुवा करून येतात, तोवर पोराचं कॉलेज, मित्र, सगळं सुटलेलं असतं. हा अजून दारातच आहे. इथून परत आणता येतो." अण्णा खाली बघत होते. शाबासकी मिळतेय हे त्यांना कळलं, आणि ती आपली नाही हेही.

गोळ्या दिल्या. पण त्याआधी त्यांनी घराला औषध दिलं: याच्याशी आजपासून एकही खोटं बोलायचं नाही, आणि याचं पातेलं वेगळं ठेवायचं नाही. त्या संध्याकाळी आईने सगळ्यांसाठी एकाच पातेल्यात आमटी केली. नंदाताईने माझ्या ताटातला पहिला घास स्वतः खाल्ला. मग दुसरा. मी तिच्याकडे बघत राहिलो, ती मरते का. ती मेली नाही. म्हणाली, "आता संपवेन हं सगळं." मी ताट ओढून घेतलं.

गोळ्या गोड नव्हत्या. मान आखडली, जीभ जाड झाली, चालताना हात हलेनात. टिपणीस काकू म्हणाल्या, "ठाण्याच्या औषधाने पोराचा खांब झाला." मग त्यावर दुसरी गोळी, मग मात्रा कमी. काकांचं धावतं वर्णन हळूहळू लांबच्या रेडिओसारखं झालं आणि एक दिवस लक्षात आलं की बऱ्याच वेळात मी काय करतोय हे मला कोणी सांगितलेलं नाही. खरं सांगू, थोडं एकटं वाटलं.

शनिवारी कोपरीत माझ्यासारखी पोरं जमायची, घरच्यांना घेऊन. घरचे आत डॉक्टरबाईंशी बोलायचे, आम्ही बाहेर कॅरम. तिथे हरेश होता, तिथल्याच कोळीवाड्यातला. पहिल्याच दिवशी स्ट्रायकर सरकवत म्हणाला, "मना तर शिव्या देतान. तुझेवाले काय बोलतान?"

"मी पाणी प्यायलो की सांगतात, पाणी प्यायला."

"येवराच?" त्याला माझी कीव आली. "तुझेवाले लय बोर हायेत रे."

बाहेर कोणी असं बोललं असतं तर मी मारलं असतं. तिथे मी हसलो, आखडलेल्या मानेने. त्या एका बाकासाठी मी पुढे वर्षभर जात राहिलो. परीक्षा त्या वर्षी दिली नाही. पुढच्या वर्षी दिली, गुण पुन्हा जेमतेम. हे मात्र आजारावर ढकलता येत नाही.

कल्याणचं स्थळ गेलं. नंदाताई त्यानंतर चहाचा ट्रे टेकवायच्या आधीच सांगायची, "माझ्या भावाला मनाचा आजार आहे, औषध चालू आहे." पळणारे पोह्यांच्या आधी पळाले. जो बसून राहिला त्याने विचारलं, "चहाला साखर वेगळी आहे का?" त्याच्याशी तिने लग्न केलं. मी पंगतीला वाढलं. टिपणीस काकांच्या पानावर जिलबी वाढताना त्यांनी हात आखडून घेतला. मी दोन वाढल्या.

लोक म्हणतात, जुनं विसरावं. का म्हणून? मला न झालेल्या आजाराची औषधं घेऊन जिना झिजवणारे, आणि झालेल्या आजाराचं नाव कळताच दार लावून घेणारे तेच लोक. माझा राग तब्येतीला चांगला मानवलाय.

आता नव्वदचंही दशक सरत आलं. मी एका प्रयोगशाळेत पाणी तपासतो. सिल्व्हर नायट्रेट आता पगार घेऊन वापरतो. फोन घरोघर आले, त्यामुळे काकूंचं वजन कमी झालंय, पण कान शाबूत आहेत. परवा जिन्यात मोसंब्यांची पिशवी घेऊन चढताना भेटल्या. वरच्या मजल्यावरच्या मोडकांच्या मुलीला, बारावीच्या, टायफॉइड. "महिना झाला, उतरतच नाही. खोलीबाहेर येत नाही, खात नाही. खिडकीला चादर लावून बसलीय." मी काकूंच्या आधी जिना चढलो. चांगुलपणाने गेलो असं नाही. संतापाने गेलो.

मोडकबाईंनी साखळी न काढता दार उघडलं.

"टायफॉइड आहे," मी काही विचारायच्या आतच त्या म्हणाल्या.

"माझी कावीळ होती," मी म्हणालो. "त्यात भिंत बोलायची. हिची बोलते का?"

त्यांनी जिन्याकडे पाहिलं. मोसंबी अजून खालच्या वळणावर धापा टाकत होती. "हळू बोला," त्या म्हणाल्या, आणि साखळी काढली.

आत मऊ भाताचा वास. ओट्यावर दोन पातेली. मी विचारलं, "ही घरातलं खात नाही ना?" त्यांनी मान हलवली आणि डोळे पुसले. कांद्याचं नाव घेतलं नाही, एवढा त्यांचा मोठेपणा. दवाखाना अजून कोपरीतच आहे, सकाळी मी बरोबर येतो, असं म्हणालो. मग म्हणालो, "आता ते छोटं पातेलं बाजूला करा आणि सगळ्यांच्यातलं वाढा. तिला वाढा, तुम्ही घ्या, मलाही वाढा."

मी घरून भरपेट जेवून आलो होतो. पाटावर बसलो. आतल्या दाराची फट वाढली आणि पोरगी चौकटीला टेकून उभी राहिली, डोळे माझ्या हातावर. मी भात कालवला, घास घेतला. आमटी खारट होती. ते कळायला मला या वेळी बाटली लागली नाही. पोरगी वाट बघत होती, मी मरतो का. मी वाटी पुढे केली आणि मोडकबाईंना म्हणालो, "अजून वाढा."